विल्फच्या शेजारची जागा

सोमवार, २९ मार्च १९६५

विल्फ बरा आहे. पायथ्याशी थोडं शेवाळ धरलं होतं, खरवडून काढलं. गुडघ्याचं विचारलं. उत्तर नाही — जिवंतपणी तरी कुठं धड सांगायचा!

प्रीस बहिणी ठीक. धाकटी डावीकडून जरा खचलीय. रेव्हरंड हॅवर्ड अजून तिरकेच. बफ्टन म्हणतो, पडतील. मी म्हटलं, १७९१ पासून तिरके आहेत, ते आता कशाला पडतायत. बुडून गेलेल्या गिरणीवाल्यावर या वर्षीही सगळ्यांच्या आधी फुलं आली. त्याची तब्येत सगळ्यांत उत्तम. पाणी मानवलं म्हणायचं.

दर सोमवारी मी कबरस्तानात सगळ्यांची अशी एकेकाची चौकशी करते. विल्फ जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासूनची सवय. लोक हसतात. हसोत बापडे.

विल्फच्या उजव्या हाताला गवताची एक पट्टी मोकळी आहे. तीही बरी आहे. ती माझी.

तर आज फाटकात पाद्रीसाहेब लॅम्बर्न भेटले. टोपी हातात — म्हणजे बातमी वाईट. म्हणाले, हेझलकोटचं कबरस्तान भरलं. एकच जागा उरलीय, ती विल्फच्या शेजारची. आणि तिच्यावर दोघींनी नाव सांगितलंय.

दुसरी कोण, हे विचारलंच नाही. एलायझा यॅप!

मंगळवार, ३० मार्च

राग उतरला, म्हणून लिहिते.

एलायझा ओढ्याच्या उताराजवळ राहते. एकोणऐंशी वर्षांची, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. १९११ ते १९१४ विल्फशी ठरलेलं होतं. विल्फ सुतार. लग्नाआधी पलंग स्वतःच्या हातानं करणार म्हणाला, आणि तीन वर्षं पलंगच करत बसला. एलायझानं कंटाळून अंगठी परत केली. पलंग झाल्यावर मी आले. बायकांसमोर एलायझा हे असं सांगते — "वाट मी पाहिली, झोप हिनं काढली."

तिचं म्हणणं, पहिला हक्क तिचा. माझं म्हणणं, अडतीस वर्षं त्याचे मोजे कुणी रफू केले?

बफ्टन कबरी खणतो. त्यानं आज कुंपणावरून तोडगा सांगितला. इतर गावांत म्हणे खोल खणून एकात दोघं ठेवतात. पण हेझलकोटात कुणी कुणाच्या खाली निजायला तयार नसतं, ही जुनी रीत. त्यानं एलायझाला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "हेस्टर प्रॉबर्टच्या खाली? त्यापेक्षा मरायचंच नाही." मी म्हटलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बफ्टन, आणि त्यातली एक तर भलतीच गंजलेली.

मग पाद्रीसाहेबांनीच निवाडा केला. भांडण नको. दोघी हेझलकोटच्याच पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या हद्दीतल्या, दोघींचा हक्क सारखा. जी आधी जाईल, तिची जागा.

घरी येऊन त्यातली मेख कळली.

गुरुवार, ८ एप्रिल

एलायझा आज धो धो पावसात कोट न घालता पुलावर उभी होती. हे बरोबर नाही.

शुक्रवार, ९ एप्रिल

तिला खोकला झालाय. मी लगेच मध आणि कांद्याचा काढा घेऊन गेले. दार अर्धंच उघडून म्हणाली, "माझ्या तब्येतीची एवढी काळजी तुला पन्नास वर्षांत नव्हती." मी म्हटलं, माणुसकी म्हणून हो. ती म्हणाली, मग तूच पी. आणि खोकली. मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम दोनदा.

येताना मी गळपट्टा काढून ठेवला. मग लाज वाटली, परत गुंडाळला. पण जरा सैलच.

सोमवार, १२ एप्रिल

फेरी केली. सगळे बरे आहेत, कुणाची तक्रार नाही.

जिल्ह्याच्या महिला मंडळांनी गावांच्या इतिहासाची स्पर्धा काढलीय. प्रत्येक पॅरिशनं आपला इतिहास लिहून पाठवायचा. आमच्या मंडळानं ते माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर चर्चमधल्या जुन्या कागदांच्या पेटीवरची धूळ मी तीस वर्षं पुसतेय! शाळा अकराव्या वर्षी सुटली. जुनं अक्षर वाचायला मी कबरींवर शिकले — आधी बोटानं, मग डोळ्यानं. पण आतून हरखलेय, इथं कबूल करायला हरकत नाही.

आज पेटी उघडली. १६८८ साली एका बाईला चर्चमध्ये बदक आणल्याबद्दल दंड. १७०२ साली त्याच बाईला पुन्हा. चौदा वर्षं तेच बदक होतं की काय?

बुधवार, १४ एप्रिल

हात दाखवून अवलक्षण!

पेटीच्या तळाशी १७३७ सालचा कागद निघाला — हेझलकोट आणि डंबर्टन यांच्यामधली शीव कशी जाते त्याचा. दुभंगलेल्या ओकपासून ओढ्यानं वर, मग थेट आमच्या घरात! "मागच्या खिडकीतून आत, पावाच्या भट्टीवरून, पुढच्या दारानं बाहेर. उजव्या हाताचं सारं हेझलकोटचं, डाव्या हाताचं डंबर्टनचं."

मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले. उजव्या हाताला कोठीची खोली. डाव्या हाताला जिना. जिन्यावर निजायची खोली. खोलीत पलंग.

आणि आमच्याकडं रीतच अशी, की शीव घरातून जात असेल तर ज्याचा पलंग जिथं, त्याचं गाव तेच. दोन्ही गावांत यावर कुणी वाद घालत नाही. एरवी सगळ्यावर घालतात.

म्हणजे एकोणीस सालापासून मी डंबर्टनमध्ये झोपतेय. हेझलकोटची नाहीच मी. आणि हेझलकोटची नाही, तर विल्फच्या शेजारची जागाही माझी नाही.

हा कागद माझ्याशिवाय कुणी वाचलेला नाही. चूल पेटलेली होती. समोर बसून राहिले. चहा निवला.

शनिवार, १७ एप्रिल

पलंग हलवायचा घाट घातला. बफ्टन आला, गुडघ्यावर बसून सगळीकडून बघितलं. म्हणाला, "प्रॉबर्टबाई, हा पलंग खोलीत आणलेला नाही. खोलीतच जन्मलाय." खरंच आहे. तो दारातून निघत नाही, खिडकीतून निघत नाही. विल्फनं तीन वर्षं घालवली ती उगीच नाही.

म्हणून मी कोठीत निजले. डोक्यावर डुकराची खारवलेली मांडी टांगलेली, पायाशी सफरचंदाच्या सायडरचं पिंप. पहाटे मांडीतून एक थेंब कपाळावर पडला. इतकं सोसून माणूस हेझलकोटचा होत असेल तर ठीक.

पण ती जाजमावरची झोप. जाजम म्हणजे काही पलंग नव्हे. मलाच माहीत आहे.

रविवार, १८ एप्रिल, ईस्टर

प्रार्थनेनंतर पाद्रीसाहेबांना कागद दाखवला. इतिहासातनं आपल्याला नको तेवढं गाळायचं, तर तो इतिहास कसला — त्या नुसत्या पुलावरच्या गप्पा.

त्यांनी दोनदा वाचला. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. म्हणाले, मिसेस प्रॉबर्ट, तुम्ही हा जाळला असतात तर मला कळलंही नसतं. मी म्हटलं, म्हणून तर आणला. त्यांनी कागदाची घडी घातली. शेवटी म्हणाले, मग जागा मिस यॅपची.

विल्फपाशी गेले आणि सांगितलं.

मंगळवार, २० एप्रिल

एलायझा आली. हातात आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी. वाटलं, मिरवायला आली असेल. तर बसली, चहा घेतला, घराच्या या भिंतीकडून त्या भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, असं जिंकण्यात काही राम नाही. समोर कुणी पळतच नसेल तर शर्यत कसली?

जाताना कोट घालून गेली.

बुधवार, १२ मे

पाद्रीसाहेबांच्या डोक्यात आलंय, की कागद सापडलाच आहे तर या वर्षी शीव पुन्हा फिरायची, म्हणजे सगळ्यांनी शिवेवरून चालत जायचं. इतिहासात घालता येईल. शेवटची फिरलेली १८९४ साली, नंतर डंबर्टनवाल्यांशी मारामारी झाली म्हणून बंद पडली. रीत अशी, की शिवेच्या प्रत्येक दगडावर एखाद्या पोराला उलटं धरून डोकं आपटायचं. म्हणजे दगड त्याच्या जन्मभर लक्षात राहतो. कागद हरवतात, डोकी हरवत नाहीत.

पण १८९४ ची डोकी आहेत कुठं? मी मनातल्या मनात कबरस्तानाची फेरी मारली. सगळी तिथंच.

शनिवार, १५ मे

एक डोकं शिल्लक आहे! एलायझाचं! भावाला गालगुंड झालं होतं, म्हणून त्याची टोपी घालून ती गेली. आठ वर्षांची होती. अकराच्या अकरा दगडांवर आपटून घेतलं, कुणाला पत्ता नाही. आज सत्तर वर्षांनी बोलली. म्हणते, कागदावर विश्वास ठेवू नका, माझ्या डोक्यावर ठेवा.

सोमवार, २४ मे

आजच लिहायला हवं.

चर्चपासून सत्तावीस जण निघाले. पुढं पाद्रीसाहेब झग्यात, मागं हातगाडीत एलायझा — म्हणजे बफ्टनची माती वाहायची एकचाकी गाडी, त्यात उशी. डंबर्टनकडून पर्सी गॉडसॉल आला होता. तो त्यांच्या पॅरिश समितीचा मुख्य, देह पिंपासारखा. इंचभर जमीन चोरू देणार नाही म्हणून काठी घेऊन आलेला.

प्रत्येक जागी एलायझा टोपी काढायची, डोक्यावर हात फिरवायची आणि सांगायची — इथं. हा टेंगळाचा. हा रक्त आलेला. बफ्टन फावडं मारायचा की खण्ण! दर वेळी दगड. दहा दगड असे निघाले. या वर्षी आपटायला पोर कुठलं आणणार, सगळी शाळेत. पाद्रीसाहेबांनी स्वतःचं डोकं पुढं केलं. पाचव्या दगडापर्यंत ते प्रार्थनेचे शब्द विसरायला लागले.

मग आमचं घर. सगळे मागच्या खिडकीतून आत, भट्टीवरून. मी सकाळीच पाव लावून बसले होते! भट्टी निवायला वेळ मिळाला नाही. झग्याची कड जळाली, चार बायका किंचाळत गेल्या, पण एकानंही दार वापरलं नाही. रीत ती रीत.

गॉडसॉल खिडकीत अडकला.

डावा खांदा डंबर्टनमध्ये, उजवा हेझलकोटमध्ये. त्याची माणसं म्हणाली, आमचा माणूस आम्ही ढकलणार. आमचे म्हणाले, आमच्या हद्दीतला अर्धा आम्ही ओढणार. आधी कुणी, यावर वीस मिनिटं वाद. तोवर पाव करपायला लागले. मी त्याच्या हाताखालून वाकून काढले, एक त्याला दिला. लोणी लावून. त्यानं खाल्ला. नंतर चौकटीसकट निघाला.

पुढच्या दारानं बाहेर, आणि मग कागद संपतो. पुढं उंदरांनी खाल्लेला. आम्ही समजत होतो शीव कबरस्तानाच्या भिंतीबाहेरून जाते. एलायझानं गाडी थांबवायला सांगितली. डोक्यावर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. पाद्रीसाहेब म्हणाले, थकला असाल तर राहू द्या.

ती म्हणाली, "थकले नाही. शेवटचा दगड आत आहे. मला माहीत आहे कुठं."

फाटकातून आत. रेव्हरंड हॅवर्डना वळसा घालून. विल्फपाशी थांबली. त्याच्या शिळेखाली जो चौथरा आहे ना, त्याकडं बोट दाखवलं. "कानामागची खोक याची."

बफ्टन पांढरा पडला. आठ वर्षांपूर्वी कबर खणताना इथं गवतात एक चौकोनी दगड रोवलेला होता. चांगला दगड, म्हणून त्यानं तो जागचा न हलवता त्यावरच शिळा बसवली. त्यानं गवत बाजूला केलं. इकडच्या अंगाला 'हे', तिकडच्या अंगाला 'डं'.

'डं' कडं विल्फ. विल्फच्या पलीकडं ती गवताची पट्टी.

गॉडसॉलनं काठी आपटली. खिडकीची चौकट अजून गळ्यात होती. म्हणाला, "विल्फ प्रॉबर्ट आमचा. जागाही आमची. डंबर्टनच्या माणसालाच मिळेल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी डंबर्टनची! माझ्या पलंगासकट! जागा मला परत मिळाली होती, आणि एलायझाची गेली होती. तिनं स्वतःच्या डोक्यानं घालवली. एक अक्षर बोलली नसती तर कुणाला कळलं असतं?

मी हेच विचारलं. गाडीत बसताना म्हणाली, कागद तू जाळला होतास का?

शनिवार, २९ मे

पाद्रीसाहेबांना वाईट वाटलंय. एलायझासाठी खास परवानगी मागायचं त्यांनी ठरवलं. पण दोन्ही पॅरिशचे पाद्री तेच. म्हणून बुधवारी हेझलकोटचा पाद्री या नात्यानं त्यांनी डंबर्टनच्या पाद्र्याला रीतसर पत्र लिहिलं. टपालात टाकलं. गुरुवारी ते त्यांना मिळालं. शुक्रवारी विचार केला. आज उत्तर आलं — दिलगीर आहोत, नियमात बसत नाही.

मी म्हटलं, पुन्हा लिहा. ते म्हणाले, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, ते ऐकायचे नाहीत.

गॉडसॉलनं एलायझाला डंबर्टनच्या मोठ्या कबरस्तानाचा पर्याय सुचवला. दलदलीतलं. तिथं बदकं असतात म्हणे. पण त्यालाही आधी डंबर्टनचं व्हावं लागेल.

सोमवार, ३१ मे

फेरीत सगळ्यांची चौकशी केली. पट्टीपाशी उभी राहिले. माझी जागा, रीतसर, दोन्ही गावांना मान्य. मग जिभेवर राख ठेवल्यासारखं का होतंय?

मंगळवार, १ जून

दारात बफ्टनची गाडी. गाडीत गादी, उशी, मांजर, आणि चालत मागून एलायझा.

म्हणाली, पलंग जिथं, गाव तिथं. तुझ्या घरात डंबर्टन किती आहे?

मी म्हटलं, जिना आणि वरची खोली.

"पुरे झालं मला."

वर गेली. दारातच थांबली. पलंगाच्या डोक्याशी गव्हाच्या ओंब्या कोरल्यात. त्यावर हात ठेवला. म्हणाली, "या मी सांगितल्या होत्या. त्याला गुलाब हवे होते. मी त्याला म्हटलं, गुलाब भाकरीला लागत नाहीत."

सेहेचाळीस वर्षं मी त्या ओंब्या बघत उठले. कधी विचारलं नाही कुणाच्या.

खिडकीकडची बाजू तिला दिली.

बुधवार, ९ जून

घोरते. मांजरही घोरतं. आता दोघी डंबर्टनच्या, म्हणजे निवाडा पुन्हा पहिलाच — जी आधी जाईल तिची जागा.

गुरुवार, ५ ऑगस्ट

स्पर्धेचा निकाल. हेझलकोटला तिसरं बक्षीस. परीक्षकांचा शेरा — मेहनत उत्तम, पण पलंगाविषयीचा भाग इतिहासात अनावश्यक. एलायझानं ते वाचून चुलीत घातलं. म्हणाली, हा कागद जाळायला हरकत नाही.

रविवार, १७ ऑक्टोबर

तिला खोकला झालाय. या वेळी मुद्दाम नाही. मध आणि कांद्याचा काढा केला, तोंड वाकडं करून प्यायली. मी म्हटलं, कोट घाल. ती म्हणाली, अगं घरात? मी म्हटलं, घरात. भट्टीपाशी बसवली, बरोब्बर शिवेवर.

शनिवार, ६ नोव्हेंबर

उठवत नाही तिला. सकाळी उशी सारखी करताना म्हणाली, "बफ्टनला सांग, खोल खण. मी खाली राहीन. खाली वारा लागत नाही." मग डोळे मिटून म्हणाली, "आणि वाट पाहायची मला सवय नाही असं थोडंच आहे, तुझीही पाहीन."

सोमवार, १५ नोव्हेंबर

प्रीस बहिणी ठीक. हॅवर्डसाहेब तिरकेच. गिरणीवाल्याकडं दोन उशिरा आलेली फुलं होती, उसनी घेतली. विल्फ बरा आहे.

एलायझा मंगळवारी गेली, चहा हातात असताना. शुक्रवारी ठेवली. बफ्टननं इतकं खोल खणलं की शिडी मागवावी लागली. ती खाली, वरचा मजला माझा. हेझलकोटात असं पहिल्यांदाच होतंय, पण आम्ही आता डंबर्टनच्या.

एलायझा, मांजर जेवतंय. तुझी बाजू तशीच ठेवलीय. तिकडं त्याच्या गुडघ्याचं काय ते नीट विचार, मला कधी सांगितलं नाही त्यानं. आणि लगेच कळव बाई. वाट पाहायची सवय तुला, मला नाही.